हिवरदरीचा उतारा

१

अंजूनं कागदाकडे पाहिलंच नाही.

कागद तिच्या हातात होता, सरळ धरलेला. पण नजर खिडकीबाहेर, अंगणात शेपूट उडवणाऱ्या वासरावर होती आणि तोंडानं उतारा चालू होता. न अडखळता, शेवटच्या वाक्यापर्यंत.

समोर बसलेल्या सुकेशनी तायडेंनी घड्याळ थांबवलं. त्या कारंज्याकडच्या एका शाळेत शिकवायच्या. राज्यस्तरीय वाचन चाचणी आपल्याच मुलांची आपण घ्यायची नाही, असा नियम असल्यानं त्यांना मानोरा तालुक्यातल्या हिवरदरी तांड्यावर पाठवलं होतं. लाखेचं सील तपासून पाकीट त्यांनी स्वतः फोडलं होतं. त्याआधी हा उतारा कोणी पाहिलेला असणं शक्य नव्हतं.

त्यांनी अंजूच्या हातातला कागद काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"आता म्हण बरं."

अंजूनं म्हटला. पुन्हा सगळाच्या सगळा.

"तुले हे कोनं शिकवलं, बेटा?"

अंजू हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. "कोनंच नाही. आमाले पयलेपासूनच येते. आमचंच हाय हे."

सुकेशनीताईंनी पुढच्या मुलाला बोलावलं. बादल नावाचं बारकं पोरगं. त्यालाही येत होता. तिसऱ्या मुलीनं तर कागद हातात घेतलाच नाही. तेव्हा त्यांनी अंजूला परत बोलावून तिचं म्हणणं मोबाइलमध्ये भरून घेतलं, चाचणी थांबवली आणि रेंज शोधत थेट डांबरी रस्त्यापर्यंत चालत गेल्या.

संध्याकाळच्या आत ही बातमी जिल्ह्याला पोचली. उतारा फुटला होता, आणि लेकरानं स्वतःच्या तोंडानं कबुली दिली होती.

२

चौकशी धम्मदीपा पडघान यांच्याकडे आली. त्या तालुक्याच्या शिक्षण विस्तार अधिकारी. एका जागी फार वेळ बसवत नसे त्यांना. ऑफिसातसुद्धा त्या उभ्यानंच फायली बघत. आदेश वाचताना त्या खोलीत येरझाऱ्या घालत होत्या. अहवाल उद्या दुपारपर्यंत हवा होता.

घाईचं कारण त्यांना माहीत होतं. हिवरदरीच्या शाळेचा मागच्या वर्षीचा निकाल वाईट होता. यंदाची चाचणी रद्द झाली तर खात्यात शून्य लागणार आणि शाळा नाल्यापलीकडच्या गावात विलीन होणार. तिसरीच्या शिक्षकाला निलंबन. तांड्यावरचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, लेकरं आजीआजोबांपाशी. नाला ओलांडून त्यांना रोज कोण पोचवणार होतं?

जीपमध्ये त्यांच्या शेजारी गोपीचंद मापारी बसले होते. भाषेचे विषयतज्ज्ञ, जिल्ह्याच्या ठिकाणाहून खास या चौकशीसाठी आलेले. वाशीम शहरात वाढलेला माणूस, स्वच्छ कपडे, बोलणं पुस्तकासारखं नेटकं. रस्त्यावरची धूळ सोसत नाही म्हणून त्यांनी नाकातोंडावर रुमाल बांधला होता.

"उतारा फक्त आपण दोघांनीच पाहायचा, मॅडम," पाकीट देत ते म्हणाले. "बाकीच्या जिल्ह्यांत चाचणी अजून चालू आहे. शिक्षकालाही दाखवायचा नाही. त्यातला एक शब्दही बोलायचा नाही."

धम्मदीपांनी वाचला.

*एक म्हातारी होती. ती आपले नाव विसरली. ती मोहाची फुले तोडायला रानात गेली. तिने कोंबडीला विचारले, "माझे नाव काय?" कोंबडी म्हणाली, "आधी दाणे टाक." मग तिने विहिरीत डोकावून विचारले, "माझे नाव काय?" विहीर म्हणाली, "काय... काय..." म्हातारी खूश झाली. तेव्हापासून कोणी "काय गं" म्हटले, की ती "ओ" देते.*

त्यांना हसू आलं. सरकारी उताऱ्यात असं काही वाचायला मिळत नाही. तिथे बहुधा स्वच्छतेचं महत्त्व असतं.

"मजेदार आहे," त्या म्हणाल्या. "कोणी लिहिला?"

"ते गोपनीय असतं. राज्याचं मंडळ ठरवतं."

"सुकेशनीताईंनी मला अंजूचा आवाज पाठवलाय. ऐकता?"

"ऐकायचं काय त्यात? गुन्हा उघड आहे." मापारी खिडकीकडे वळले. "आपल्याला फक्त कोणी फोडला ते लिहायचंय."

धम्मदीपांनी एकट्यानंच कानाला लावून ऐकलं. एकदा, मग पुन्हा. दुसऱ्यांदा ऐकताना त्या सीटवर पुढे सरकून बसल्या.

अंजू सगळं एका आवाजात म्हणत नव्हती. म्हातारीचं पहिलं वाक्य तिनं जाड, घोगऱ्या आवाजात म्हटलं. कोंबडीचं नाकातून. आणि विहिरीचं वाक्य आल्यावर ती चक्क तोतरी झाली होती. "विहील म्हनाली, ताय... ताय..."

घोकून घेतलेलं पोरगं "काय"चं "ताय" कशाला करेल?

३

हिवरदरीला पोचल्यावर मापारी जीपमधून उतरलेच नाहीत. "आत धूळ असेल. शिवाय मला दोनतीन फोन करायचेत. तुम्ही बोलून घ्या."

शाळा म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा आणि पलीकडे खिचडीची पत्र्याची शेड. व्हरांड्यात संघपाल खिल्लारे उभा होता, तिसरीचा शिक्षक. जऊळक्याचा राहणारा, तिशीचा, रोज मोटरसायकलनं येणारा. त्याच्या डोळ्यांवरून वाटत होतं की त्याला झोप लागली नव्हती.

"मॅडम, मले एवढंच सांगा, मी कोन्ता उतारा फोडला?"

"ते सांगता येत नाही मला."

"मंग मी काय उत्तर देऊ? गोष्ट होती का? कविता होती? चोरी काय झाली तेच मालूम नाही अन् चोर मी!"

"मुलांना तुम्ही काही पाठ करून घेतलं होतं?"

"पाठ?" संघपालचा आवाज चढला. "पाठांतराचा मी वैरी हाय, मॅडम. या लेकराईची घरची भाषा बंजारा. पुस्तकातली मराठी त्याईले परकी वाटते. म्हनून मी त्याईले बोलतं करतो. जे येईल थे बोला म्हनतो, चुकलं तं चुकलं. घोकून घ्यायचं असतं तं मागच्या सालीच नसतं का घेतलं? निकाल एवढा पडला असता का?"

तेवढ्यात मुख्याध्यापक गोविंदसिंग राठोड आले. ते त्याच तांड्यातले, पांढऱ्या मिशांचे, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी धम्मदीपांना बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, संघपालच्या नावानं लिवून टाका. जवान हाय, निलंबनातून वापस येईल. शाळा एकदा गेली की वापस येत नाही. एका मानसाची चूक दाखवली तं शाळेवरचं शून्य टळन ना?"

धम्मदीपा त्यांच्याकडे बघत राहिल्या. हा माणूस घामेजला होता. सावलीत, वारा असताना.

"सर, पाकीट केंद्रावरून कोणी आणलं?"

"मीच."

"चाचणीच्या दिवशी सकाळी?"

"हो ना. सकाळीच."

रजेसाठी अर्ज करताना पोरं जशी खोटं बोलतात, तसं ते बोलले होते. धम्मदीपांनी जीप काढायला सांगितली.

केंद्रप्रमुख देवमन सरकटे यांच्याकडे आसपासच्या सगळ्या शाळांची पाकिटं ठेवलेली होती. मापारी पुन्हा जीपमध्येच थांबले. देवमन स्टुलावर बसले, उठले, पुन्हा बसले.

"मॅडम, माह्या हातून एक चूक झाली," ते शेवटी म्हणाले. "गोविंदसिंग सर म्हनले, सकाळी गाडी भेटत नाही, आजच नेऊ द्या. वीस सालाची ओळख. मी देऊन देलं. आदल्या संध्याकाळीच. पाकीट रातभर त्याईच्या घरी होतं."

४

"मग झालं की!" परतताना मापारींचा आवाज रुमालाआडूनही हलका वाटला. "मुख्याध्यापकानं घरी नेलं, मेणबत्तीवर लाख मऊ करून उघडलं, सकाळी मुलांकडून घोकून घेतलं. अहवाल सोपा आहे. मी मसुदा करून देऊ?"

धम्मदीपा खिडकीबाहेर बघत राहिल्या. फोन दोनदा वाजला. ऑफिसातून विचारणा, अहवाल कुठवर आला. होळी जवळ आली होती. कडेच्या पळसांना पानं उरली नव्हती, नुसता लाल भडका. त्यांचं डोकं मात्र मोहाच्या झाडाखाली अडकलं होतं.

"सर, एक गोष्ट जुळत नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या उताऱ्यात म्हातारी फुलं तोडायला जाते. अंजू म्हणते वेचायला. मोह कोणी तोडत नाही. पहाटे फुलं आपोआप गळतात, खाली सडा पडतो, बाया टोपल्या घेऊन वेचतात."

"मुलांनी आपल्या सवयीनं बदललं असेल."

"असेल. पण अंजू एक जास्तीचं वाक्यही म्हणते. छापील उताऱ्यात नाही ते."

"शेळीचं? पोरं घालतात हो मनचं काहीतरी. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये."

जीप खड्ड्यात आदळली. धम्मदीपांनी पुढची दांडी धरली आणि ती पुष्कळ वेळ सोडली नाही.

घरी त्यांनी जेवणाचं ताट समोर घेतलं आणि तसंच ठेवलं. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" तर त्या म्हणाल्या, "शेळी." आणि उठून अंगणात गेल्या.

मुलांना पाकिटातला उतारा मिळाला असता तर ती "तोडायला" म्हणाली असती. शेळी त्यांच्या तोंडी आलीच नसती. गोविंदसिंग सरांनी नियम मोडला होता, पण पाकीट फोडलं नव्हतं. मुलांपाशी होतं ते छापील उताऱ्याहून वेगळं, शेळीसकट होतं. म्हणजे छपाईच्या आधीचं. एखादा कच्चा खर्डा? तो तर लिहिणाऱ्याकडेच असणार.

आणि तरी काहीतरी राहतच होतं. खर्डा लिहिणाऱ्याला या आडबाजूच्या तांड्याचं एवढं काय पडलं होतं? अन् ज्याला मोहाचं झाड माहीत, त्यानं ते छापताना चुकवलं कशाला?

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पोचल्यावर त्या थबकल्या. आपण दिवसभर उलटं बघत होतो. अंजूनं कबुली दिलीच नव्हती. तिनं तक्रारसुद्धा केली नव्हती. जे होतं ते तिनं सरळ सांगितलं होतं आणि ते एकाही मोठ्या माणसाला ऐकू आलं नव्हतं.

आमचंच हाय हे.

५

सकाळी शाळा भरताच धम्मदीपा तांड्यावर हजर होत्या. मापारींना त्यांनी मुद्दाम उशिराची वेळ कळवली होती. गोपनीयतेचा नियम पाळायचा होताच. उताऱ्यातला एक शब्दही त्या बोलणार नव्हत्या.

त्या जमिनीवर, मुलांच्यात बसल्या.

"अंजू, परवा तू तायडे मॅडमला म्हणून दाखवलंस ना, त्यात तू कोणाकोणाचे आवाज काढत होतीस?"

अंजू लाजली. मग वर्गातल्या एका जाड्या पोराकडे बोट केलं. "पयले हा किशन. यानं म्हातारी आनली."

"आणली म्हणजे?"

"गोष्टीत आनली. पयलं वाक्य याचं हाय."

"अन् कोंबडी माही!" मागून रूपा नावाची मुलगी ओरडली. तिचं बोलणं नाकातलं होतं.

"येचाले गेली थे माह्यं!"

"शेळी मी दिली. थे म्हनते, मे... मे..." एकजण उभा राहून म्हणाला.

"अन् विहीर?" धम्मदीपांनी विचारलं.

बारका बादल उठला. छाती काढून म्हणाला, "विहील माजी. ताय... ताय..."

सगळा वर्ग हसला. बादलही हसला. दारात उभ्या असलेल्या संघपालच्या तोंडाचा रंगच बदलला.

"मॅडम," तो म्हणाला, "तो उतारा... ही गोष्ट होती? म्हातारीची?"

"मी काही बोललेले नाही, सर. मुलं बोलताहेत. तुम्ही सांगा, ही गोष्ट कुठली?"

"कुठलीच नाही! आमची. दुसरीत असताना केली होती. एकानं एक वाक्य सांगायचं, दुसऱ्यानं पुढचं. ज्याचं वाक्य त्याच्या आवाजात. महिनाभर रोज खिचडीच्या लाइनीत म्हनत होते, अजूनबी म्हनतात. लिवून कुठंच ठेवली नाही मी. लिवलं की लेकरं घाबरतात, म्हनून." त्यानं चौकटीला हात टेकला. "पन मॅडम, तांड्याबाहेर ही गोष्ट गेली कशी?"

उत्तर शेडकडून आलं. खिचडी शिजवणाऱ्या सुंदरबाई पदराला हात पुसत आल्या होत्या. अंजूची आजी ती.

"गेल्या साली पोहरादेवीच्या जत्रंत एक सर आल्ते ना. त्याईची गाडी इथंच पंचर झाली. तुमी नव्हते, संघपाल सर, तुमी बायकोले दवाखान्यात घेऊन गेल्ते. गोविंदसिंग मीटिंगले. त्याईनं लेकराईसंगं पंगतीत बसून खिचडी खाल्ली. मंग लेकरांची गोष्ट मोबाइलात भरून घेतली. लय चांगले व्हते सर. वाघाचा आवाज काढून दाखवे."

"वाघवाले सर!" मुलं एकदम ओरडली.

"पाहिलं तर ओळखाल, याडी?" धम्मदीपांनी विचारलं. तांड्यावर आईला याडी म्हणतात.

"न ओळखाले काय झालं?"

बाहेर गाडीचा आवाज आला. मापारी पोचले होते. जीपमधून उतरले नाहीत. धम्मदीपांनी खिडकीतून पाहिलं. ते कानाला फोन लावून बसले होते.

हिवरदरीत फोनला रेंज नसते. सुकेशनीताईंना त्यासाठी डांबरी रस्त्यापर्यंत जावं लागलं होतं.

६

"सर, पंचनाम्यावर तुमची सही लागेल. आत या," धम्मदीपा जीपपाशी जाऊन म्हणाल्या.

"इथंच करतो ना."

"मुलांसमोर करायची आहे."

मापारींनी त्यांच्याकडे पाहिलं. रुमालावरचे डोळे तेवढे दिसत होते. "मॅडम, एक सुचवू? शिक्षक निर्दोष, असं लिहा. मुख्याध्यापकही निर्दोष लिहा. उतारा फुटला, स्रोत अज्ञात. कोणाची नोकरी जाणार नाही. सगळ्यांची सुटका."

"शाळेची नाही होत. चाचणी रद्द होईल. आणि ही लेकरं जन्मभर फुटलेल्या पेपराची पोरं म्हणून राहतील. त्यांच्याकडं काही फुटलेलं नव्हतं, सर."

"काय म्हणायचंय तुम्हाला?"

"काल मी म्हणाले, अंजू एक जास्तीचं वाक्य बोलते. कुठलं ते मी सांगितलं नव्हतं. आवाज तुम्ही ऐकला नव्हता. ऐकायला नको म्हणालात. छापील कागदावर शेळी नाही. मग 'शेळीचं?' असं तुम्ही लगेच कसं विचारलं?"

मापारींनी जीपच्या दाराची मूठ धरली.

"शेळी दोघांनाच माहीत असणार. ज्यांनी ती गोष्टीत आणली त्या मुलांना, आणि ज्यानं ती काढून टाकली त्याला."

ते खाली उतरले. व्हरांड्यापर्यंत आले. मुलं दारात गोळा झाली होती. मापारींनी स्वतःच्या हातानं रुमाल सोडला.

अंजूनं टाळी वाजवली.

"वाघवाले सर आले! सर, वाघ काढा ना! सर, एकदा!"

मुलं त्यांच्याभोवती धावली. कोणी सदरा धरला, कोणी बोट. सुंदरबाई शेडमधून हात वर करून म्हणाल्या, "या सर, बसा. खिचडी होतच आली."

एखाद्यानं शिवी घातली असती तर मापारींना सोपं गेलं असतं. ते पायरीवर बसले. बादल त्यांच्या मांडीला टेकून उभा राहिला, वाघाची वाट बघत.

"मंडळाला दहा जणांनी उतारे दिले होते," ते धम्मदीपांकडे न बघता म्हणाले. "माझा म्हणून मी दिला तो सगळ्यांना आवडला. तिथली मोठी माणसं खळखळून हसली. मी पंधरा वर्षं उतारे लिहितोय, मॅडम, माझ्या लिहिण्यावर कोणी हसलं नव्हतं. तेव्हा तोंडातून निघालं नाही, की हे माझं नाही."

"आणि स्वतःची रचना असल्याचं लिहून दिलंत."

"दिलं. वाटलं, मुलांचं बोलणं ते काय कोणाचं असतं? वाऱ्यावर गेलं असतं."

"मग तोडायला कशाला केलंत?"

"'वेचणे' तिसरीच्या शब्दयादीत नाही. शेळी काढली, कारण 'मे' आणि 'मी' यात मुलं गोंधळतील असं तज्ज्ञांचं मत पडलं." ते कसनुसं हसले. "तज्ज्ञ मीच होतो."

संघपाल आतापर्यंत खांबाशी उभा होता. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. तो पुढे आला तेव्हा गोविंदसिंग सरांनी त्याचा दंड धरला. संघपालनं तो झटकला.

"सर, तुमी चोरली थे चोरली," तो मापारींना म्हणाला. "पन काल तुमी त्या जीपमध्ये बसून राह्यले. मी व्हरांड्यात उभा. तुमाले मालूम होतं मी काहीच केलं नाही. तरी बसून राह्यले."

मापारी रुमाल बोटांभोवती गुंडाळत राहिले.

संघपाल मग गोविंदसिंगांकडे वळला. "अन् तुमी मले विकत होते."

"शाळा वाचवत होतो रे," म्हातारा म्हणाला. "पाकीट मी घरी नेलं होतं. सगळे मलेच धरतील म्हनून भेलो. तुह्या नावानं लिवा म्हनलो. तोंड दाखवाले जागा नाही मले."

संघपाल वर्गात गेला आणि फळा पुसू लागला. आधीच पुसलेला फळा.

धम्मदीपांनी अहवाल तिथंच, मुलांच्या बाकावर बसून लिहिला. कोणी काय केलं ते नावानिशी लिहिलं. गोविंदसिंगांचं पाकीट घरी नेणं लिहिलं, देवमनचं ते देणं लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की उतारा या मुलांकडे पोचला नाही; या मुलांकडून गेला. मापारींनी वाचून सही केली. निघताना बादलनं पुन्हा त्यांचं बोट धरलं. वाघ न काढताच त्यांनी ते हलकेच सोडवलं आणि ते जीपकडे गेले.

७

वरून निर्णय यायला वेळ लागला, आणि तो निम्मा बरा होता. संघपालवरची कारवाई थांबली. मापारींना मंडळातून काढलं, खात्यामार्फत चौकशी लागली. गोविंदसिंग आणि देवमन यांना ताकीद मिळाली. पण उतारा मुलांना आधीच येत होता ही गोष्ट खरीच होती; म्हणून हिवरदरीची चाचणी नव्या उताऱ्यावर पुन्हा घ्यायची ठरली. शाळेचं काय ते त्या निकालावर.

"म्हंजे आता खरंखुरं वाचा लागते," संघपाल म्हणाला. तो अंगणात उभा होता. त्याला आत यायची परवानगी नव्हती. कडुनिंबाखालून तो वर्गाच्या दाराकडे जायचा आणि अर्ध्यातून परत फिरायचा. "बोलाले शिकवलं मी त्याईले, मॅडम. वाचाले पुरेसं शिकवलं का नाही, रातभर तेच घोळत राह्यलं."

धम्मदीपांनाही सांगता आलं नसतं. चाचणी पुन्हा सुकेशनी तायडेंनीच घ्यावी अशी मागणी त्यांनी केली होती आणि स्वतः निरीक्षक म्हणून कोपऱ्यात खुर्ची घेतली होती. खुर्चीत त्या दोनदा बसल्या आणि दोनदा उठल्या.

पहिली अंजू आली. सुकेशनीताईंनी कागद तिच्या हातात दिला. अंजूनं या वेळी खिडकीबाहेर पाहिलं नाही. कागद तिनं नाकाजवळ धरला.

नवा उतारा नदीबद्दल होता. कोरडा, नेटका, कोणालाही हसू न येणारा.

"न... नदी... डों... डोंगरातून..." अंजूचं बोट शब्दाखालून सरकत होतं. घड्याळ चालू होतं. "निघते. ती... ती गावा... गावागावां..." ती अडली. पुन्हा मागे गेली. धम्मदीपांच्या ओठांवर शब्द आला होता; त्यांनी हात तोंडावर ठेवला. खिडकीच्या गजाबाहेर सुंदरबाई उभ्या होत्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण नात अडली तिथं त्यांचाही श्वास अडत होता.

"गावागावांना पाणी देते," अंजू म्हणाली. मग पुढचं वाक्य. त्याच्या पुढचं थोडं भरभर. किशन वाचत असता तर तिच्या मागं राहिला असता, आणि रूपा कदाचित पुढे गेली असती, असा हिशेब धम्मदीपांच्या मनात चालला होता. वेळ संपायच्या आत अंजू शेवटच्या ओळीच्या मध्यापर्यंत पोचली. घड्याळ थांबल्यावरही ती थांबली नाही. सुकेशनीताईंनी तिला थांबवलं नाही.

नंतर निकाल लागला तेव्हा तिसरीचा वर्ग मधल्या पातळीत आला. वर नाही, खाली नाही. यंदापुरती शाळा राहिली.

पण त्या सकाळी हे कोणाला माहीत नव्हतं. अंजूनं शेवटचा शब्द वाचला, कपाळावरचा घाम पुसला आणि कागद उलटा करून पाहिला. मग पुन्हा सुलटा केला. वर पाहिलं, खाली पाहिलं.

"मॅडम, हे कोनं बनवलं?"

"का गं?"

"नाव नाही लिवलं," अंजू म्हणाली. "त्याले मालूम हाय का, तुमी त्याचं आनलं म्हनून?"

सुकेशनीताईंनी धम्मदीपांकडे पाहिलं. धम्मदीपा उठल्या, अंजूच्या हातातून कागद घेतला आणि दोन्ही बाजूंनी नीट बघितला.

"विचारून सांगते," त्या म्हणाल्या. आणि त्या खरंच विचारणार होत्या.